आप्पांचे गुण

आप्पा गेल्याची माझी पोस्ट दिवसभरात तीनदा पाहिली गेली. दोनदा मीच पाहिली होती, एकदा माझ्या भावाने.

रेडिओ दुरुस्तीच्या त्या ऑनलाइन फोरमवर आप्पांनी अकरा वर्षं लोकांचे बंद रेडिओ बोलते केले होते. त्यातल्या कुणाचाच फोन नंबर आमच्याकडे नव्हता. रविवारच्या शोकसभेला ती माणसं यावीत, एवढंच आईचं म्हणणं होतं.

"ताई, तुझं खातं कालचं. गुण पाच. तुझी पोस्ट वर येणारच नाही," भाऊ म्हणाला. "उत्तर आवडलं की लोक गुण देतात, आप्पांचे चौदा हजार आहेत. त्यांच्या खात्यावरून टाक."

मी लिहिलं, "मी आप्पांची मुलगी. आप्पा काल गेले." पाच मिनिटांत दोनशे जणांनी पाहिलं. आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

पहिलं उत्तर आलं, "आप्पांचं खातं हॅक झालंय! रिपोर्ट करा रे सगळे."

दुसरं आलं, "केलं. आमच्या आप्पांच्या नावावर असले चाळे करतोस? लाज वाटू दे."

"बघ, ह्यांच्यावर किती जीव आहे लोकांचा," आई म्हणाली.

संध्याकाळी फोरमने ती पोस्ट काढून टाकली. आप्पांचे गुण शून्य झाले होते. माझे पाचच होते.