म्हातारीला नाव दे

नाथाजीचा केरबा, केरबाचा जोतीराम, जोतीरामचा कृष्णात. खेळायला बसण्यापूर्वी पद्मावतीबाईंनी कृष्णातकडून त्याच्या तिन्ही पिढ्या वदवून घेतल्या, तेव्हा त्यांचा मुलगा धनपाल हसला.

“आई, खेळातल्या माणसाला वाडवडील लागत नाहीत.”

“मग तो माणूस नव्हे, सोंगटी. ह्याला ह्याचेच वाडवडील राहू देत. चल पुढे.”

धनपाल अमेरिकेहून शिकून आला, तेव्हा हा खेळ बरोबर घेऊन आला होता. प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस व्हायचे, पंचाने प्रसंग सांगायचा, अडेल तेथे फासे टाकायचे. त्याच्या तिकडच्या मित्रांनी नियमांना स्वतःचे एक टंकलिखित पान जोडले होते. त्याप्रमाणे प्रत्येक माणसाला त्याच्या पूर्वायुष्यातून एक हक्क मिळे. सरदारपुत्राला कोणत्याही गढीत प्रवेश, जुन्या शिपायाला छावणीत जेवण. कृष्णातने गावासाठी लढलेला कुणबी घेतला होता; त्याला सामान्य लोकांच्या घरी आसरा.

तो खेळत होता, कारण त्याला सांगलीच्या त्या घराबाहेर पडता येत नव्हते. आणीबाणीचे दुसरे वर्ष होते. सरकारविरुद्ध पत्रके छापण्याचे यंत्र घेऊन तो पाटणहून आला होता, आणि ते यंत्र आता मागच्या खोलीत हळदीच्या पोत्यांआड होते; छापायचे पत्रक आधी बाई वाचून घेत. सापडला, तर खटला नाही, जामीन नाही, थेट तुरुंग.

त्याची आजी रंगूबाई हिने, पद्मावतीकडे जा, एवढेच सांगून त्याला धाडले होते. रंगूबाईचा नातू, हे शब्द ऐकून बाईंनी दार उघडले आणि दुसरे काही विचारले नाही. बेचाळीसच्या चळवळीत दोघी एकाच तुरुंगात असाव्यात, असे धनपालच्या पत्नीने, त्रिशलाने, मनाशी ठरवून टाकले होते. विचारण्याची सोय नव्हती. बाईंच्या नावाचा स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट भिंतीवर होता. परंतु तुरुंगाचा विषय निघाला की बाई उठून जात.

“राजाचे स्वार मागावर आहेत,” धनपाल सांगू लागला. “कृष्णात वेशीजवळच्या झोपडीत शिरला. आत एक म्हातारी आहे.”

“माझा हक्क लावतो,” कृष्णात म्हणाला. “लपीव म्हनावं मला.”

“लपवलं. पण स्वार आले, तलवार उपसली. म्हातारी बोट दाखवते.”

“नाही दाखवणार,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

“आई, पानावर लिहिलंय. सामान्य लोक त्याला आसरा देतील, मात्र त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणार नाहीत.”

“हे ज्यानं लिहिलं, त्याला कधी कोणी लपवलं होतं का?”

“आवं आजी, ऱ्हाऊ द्या,” कृष्णात म्हणाला. “माझा गडी तसाबी लय किडमिडा हाय. मेला तर दुसरा घिऊ.”

“तू गप्प बस. धनपाल, तुझं पान लोकांविषयी आहे. ही म्हातारी म्हणजे लोक नव्हे. तिला नाव दे.”

“घटकाभराची म्हातारी. तिला नाव कशाला?”

“नाव नाही तोवर ती तुझ्या नियमानं वागेल. नाव मिळालं की स्वतःच्या मनानं.”

“अहो, तुम्ही फासे तेवढे गोळा करा,” त्रिशला नवऱ्याला म्हणाली. “पंच केव्हाच बदललेत.”

तेवढ्यात दाराशी जीप थांबली.

फौजदार नानासो घोरपडे टोपी काढून आत आले. मागे दोन शिपाई होते. “बाई, पाटनकडचं एक पोरगं हितं हाय म्हनत्यात. पत्रकं छापनारं.”

शिपाई आत गेले आणि कोपरापर्यंत पिवळे होऊन यंत्रासह बाहेर आले. कृष्णात उठू लागला. पद्मावतीबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले.

“ते यंत्र माझं आहे.”

“बाई, ह्ये तुमचं काम न्हवं.”

“घर माझं, हळद माझी, आणि हळदीमागचं यंत्र परक्याचं? मजकूर ऐका.”

मग बाई ओसरीवर उभ्या राहिल्या आणि पत्रक पहिल्या ओळीपासून म्हणू लागल्या. एक शब्द अडखळला नाही. समोरच्या दुकानातले तराजू थांबले. लोक दाराशी गोळा झाले.

“हळू बोला, बाई.”

“हळू बोलण्यासाठी लिहिलेलं नाही.”

फौजदारांचा आवाज खाली आला. “मला ह्या पोराला न्यायचं हाय.”

“तुम्हाला पत्रकं छापणारा न्यायचा आहे. तो मी आहे, आणि अख्ख्या पेठेनं ते ऐकलं आहे. ह्या मुलाला हात लावलात, तर उद्या हाच मजकूर तुमच्या कचेरीच्या पायरीवर म्हणेन.”

फौजदारांनी कृष्णातकडे बराच वेळ पाहिले. मग भिंतीवरच्या ताम्रपटाकडे पाहिले, आणि टोपी घातली.

“चला तर. एक बरं हाय, तुरुंग तुमच्या वळखीचा हाय. नव्यानं काय शिकाय नको.”

बाईंनी पदर नीट केला. त्रिशलाने रडत रडत दोन लुगड्यांची वळकटी दिली. तीत शाल का नाही, म्हणून बाई तिला रागावल्या. धनपाल वकील गाठायला धावला.

बाई जीपमध्ये बसल्या, तेव्हा कृष्णातने दाराचा गज घट्ट धरला.

“न्हाई आजी. मी सांगतो त्यास्नी खरं काय त्ये. तुमी यकडाव भोगलंय. आता पुन्यांदा कशापायी?”

पद्मावतीबाई त्याच्या कानाशी वाकल्या.

“तुमच्या घरात मी लपले होते. पोलीस आले, तेव्हा ‘मीच पद्मावती’ म्हणून तुझी आजी त्यांच्यापुढे उभी राहिली, आणि माझ्या नावाची सगळी शिक्षा तिनं भोगली. सोड तो गज. रंगूला सांग, फिटलं. तुरुंग मी आज पहिल्यांदा पाहणार आहे.”