पोवळ्याची भूक

‘तंबाखू सोडा’ असं सासऱ्यांना तोंडावर सांगायची श्रेयाची टाप नव्हती. ती एवढंच म्हणाली, “आप्पा, तुमची चुन्याची डबी द्या ना. माझ्या माशांच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात कॅल्शियम कमी पडलंय, त्यातलं जिवंत पोवळं वाढेना.”

“चुना खातंय व्हय ते? घे की मग.”

पुढं आप्पासाहेबांनी गुलमंडीच्या बाजारातून चुन्याची नवी डबी आणली, की त्याच दिवशी पाण्यातलं कॅल्शियम हमखास कमी व्हायचं.

एकदा श्रेया ऑफिसला गेल्यावर टाकीची काच पुसताना त्यांना मागं सात डब्या सापडल्या. चुना जशाचा तसा होता. आप्पासाहेब एकटेच हसले. मग खिशातली तंबाखूची पुडी काढून त्यांनी डब्यांशेजारी ठेवली आणि पोवळ्याला म्हणाले, “घे, आता ही बी खा.”