बहात्तरच्या बहात्तर

हंगाम सुरू व्हायच्या आधी गटातल्या आठही संघांची कुंडली मांडायची, हे लॉर्न पावलुकचं वर्तमानपत्रातलं वीस वर्षांचं काम. गेल्या सप्टेंबरात त्याने गावच्या आइस हॉकी संघाबद्दल लिहिलं, "बचावातला डॅरिल वोइचिक आता खिळखिळा झालाय. दहा सामनेसुद्धा टिकायचा नाही." प्रशिक्षकाने रिवाजाप्रमाणे ते कात्रण डॅरिलच्या हेल्मेटच्या खुंटीवर डकवलं.

डॅरिल इरेला पेटला. डिसेंबरात कडेच्या फळीवर डोकं आपटून तो बर्फावर आडवा झाला, पण डॉक्टरांना "काही नाही, दात हललाय" म्हणाला आणि पुढच्या सामन्याला पुन्हा उतरला. फेब्रुवारीतही तेच. बहात्तरच्या बहात्तर सामने खेळला.

यंदाचा लेख लिहायला बसल्यावर लॉर्नला राहवलं नाही. त्याने डॅरिलच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने, मरीनने, उचलला.

"मरीन, यंदा सुरुवातच त्याच्यापासून करतोय. माझं चुकलं, असं चक्क छापणार आहे. दे बघू त्याला."

"तुझंच कात्रण वाचत बसलाय."

"अजून राग आहे का माझ्यावर?"



 

"सकाळपासून पाच वेळा वाचून झालं, लॉर्न. दर वेळी मला हाक मारून म्हणतो, हे बघ आज काय छापून आलंय, आता सगळे सामने खेळूनच दाखवतो."