आठवणीतली चाल

पक्षाघातानंतर केशवराव पहिल्यांदाच चार पावलं चालले, आणि कुमुदिनीबाईंचा चेहरा पडला. डावं पाऊल जरा बाहेर, मान किंचित तिरकी. ही तर शेजारच्या शैलाची चाल. आजारपणाआधी रोज सकाळी यांच्याबरोबर टेकडीवर फिरायला जायची ती.

“त्यांची स्वतःची चाल मेंदूतून पुसली गेली होती,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूला जोडलेल्या यंत्राने त्यांच्या आठवणीतली सगळ्यात पक्की चाल शोधून पायांत बसवली.”

“बत्तीस वर्षं मी चालतेय यांच्याबरोबर.”

“तुमची चाल आठवणीत सापडलीच नाही.”

केशवराव ओशाळले. “अगं, तू नेहमी माझ्या मागून चालायचीस.”

कुमुदिनीबाईंनी औषधांची पिशवी उचलली आणि त्या पुढे निघाल्या.

“या आता,” त्या न वळता म्हणाल्या, “आणि नीट बघत या.”