चर्चची विहीर

लातूर नवा जिल्हा झाला आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला. चाकूरजवळच्या आमच्या गावात फक्त चर्चच्या विहिरीला पाणी उरलं. पास्टर शांतवन यांनी फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवलं, तरी सरजाबाई सुनेला घेऊन दोन कोसांवरून पाणी आणायच्या. एक दिवस गरोदर सून वाटेतच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे त्या निमूटपणे चर्चच्या विहिरीवर आल्या.

पास्टरांनी स्वतः पाणी शेंदून त्यांची घागर भरली. सरजाबाईंनी भीत भीत विचारलं, "आता आमाला धरम बदलावा लागंल का?"

पास्टर घागरीखालच्या ओल्या मातीकडं बघत म्हणाले,

"धरम ऱ्हाऊ द्या, मावशी. घागर तेवढी बदला, लई गळायलीय."