अकरांतला एक

मिठाचं लाकडी फावडं खांद्यावर टाकून गोटीराम थेट दहावीच्या वर्गात शिरला. चपला दाराबाहेर काढायला मात्र तो विसरला नाही.

"मास्तरीन कोन हाय हितली?"

वर्ग खिदळला. मास्तरीण त्याचीच मुलगी होती. पुतळा. पनवेलच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन आलेली गावातली पहिली पोरगी. सकाळी बापाच्या शेजारी बसूनच ती भाकरी खाऊन आली होती.

"मीच, बाबा. बसा."

"बसाला नाय आलो. मिठात इख हाय असं शिकवतेस म्हनं पोरांना! उरनच्या बाजारात हे गेलं तर माझी गोन कोन उचलंल? शब्द मागं घे. नायतर मी हितून हलत नाय."

गोटीरामचं मीठ म्हणजे साधंसुधं मीठ नव्हे. बाजारात त्याची गोण नुसती शेजारी टेकवली, तरी कोळणींच्या पाट्यांतली मासळी आपोआप सुकायची. माणूसही मिठासारखाच कडक. शेजारच्या मिठागरातलं पाणी बांध ओलांडून त्याच्या पायाला लागलं, की पायातून धूर निघायचा. जासईपर्यंत दिसायचा म्हणतात. ते शेजारचं आगर देवजीचं. देवजीची तऱ्हा निराळी. त्यानं तोंड उघडलं की पिंपळावरचे कावळे बिऱ्हाड हलवायचे. त्या एका बांधापायी दोघं कधीपासून बोलत नव्हते, हे बांधालाही आठवत नसेल.

आणि पुतळाला लग्न करायचं होतं देवजीच्या दत्तूशी. दत्तू तळोज्याच्या कारखान्यात कामाला होता. पोरगा सरळ होता. पण गोटीराम म्हणाला, "देवजीच्या घरात पोर दिली तर चार मानसांत मी कमी होईन." तिकडे देवजी म्हणाला, "त्याच्या दारात मागाला जाऊ? माजं काय राहिलं मग?"

पुतळा रडली नाही. तिनं जेवण टाकलं नाही. काल रात्री कालवणात मीठ घालता घालता ती एवढंच म्हणाली, "बाबा, ह्यात क्लोरिन हाय. इखारी वायू." आणि जाऊन झोपली. गोटीरामला मात्र झोप लागली नाही.

आता तो फळ्याकडे बघत होता. फळ्याचा उजवा अर्धा आधीच भरलेला होता. सतरा प्रोटॉन, अठरा न्यूट्रॉन, सतरा इलेक्ट्रॉन.

"ह्यो कोन?"

"ह्यो क्लोरिन. कालचा धडा, पुसाचा राहिला. ह्याच्या जवळ कोनी थांबत नाय."

"वळखीचा वाटतो," गोटीराम पुटपुटला.

पुतळानं डाव्या बाजूला एक गोल काढला. "हा सोडियम. मिठातला दुसरा अर्धा. पोटात अकरा प्रोटॉन, ते धन. बारा न्यूट्रॉन, त्यांना प्रभार नाही. बाहेर फिरतायत ते अकरा इलेक्ट्रॉन, ते ऋण. अणुअंक?"

"अकरा!" वर्ग ओरडला.

"वस्तुमान?"

"अकरा नि बारा, तेवीस!"

"प्रभार?"

"अकरा धन, अकरा ऋण. शून्य!"

"स्वभाव?"

"तापट! पान्याला लागला की पेटतो!" आणि सगळा वर्ग गोटीरामच्या पायांकडे बघू लागला.

पुतळा हसली नाही. "बाबा, सोडियमच्या शेवटच्या घेऱ्यात एकच इलेक्ट्रॉन हाय. क्लोरिनच्या शेवटच्या घेऱ्यात एकाचीच जागा मोकळी हाय. ह्यानं तो एक त्याला दिला, की ह्याची आग जाते नि त्याचं इख जातं. दोघं चिकटून बसतात. तेच आपलं मीठ."

गोटीरामनं फावडं भिंतीला टेकवलं. आता तो फळ्यापासून हातभर अंतरावर होता.

"पन ह्यानंच का द्यावा? दिला की ह्यो दहाचा झाला. कमीच झाला ना?"

पुतळानं अकरांतला एक ठिपका बोटानं पुसला. "पोरांनो, प्रोटॉन किती राहिले?"

"अकरा!"

"मग अणुअंक?"

"अकराच!"

"वस्तुमान?"

"तेवीसच! इलेक्ट्रॉनचं वजन धरत नाय!"

"नाव?"

"सोडियमच!"

"आणि प्रभार?"

वर्गानं बोटांवर मोजलं. "अकरा धन, दहा ऋण... अधिक एक!"

"ऐकलंत बाबा? दिला तरी नंबर तोच, वजन तेच, नाव तेच. वर अधिक एक."

गोटीराम पुढे सरकला. मिठानं चिरा पडलेलं बोट ठेवून त्यानं एकेक ठिपका मोजला. पोटातले मोजले, बाहेरचे मोजले. पुसलेल्या जागेवर बोट थांबलं. मग त्यानं लेकीकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही.

"म्हंजे देनारा कमी होत नाय."

"नाय."

पण गोटीराम इतक्यात विरघळणारं मीठ नव्हता. त्यानं फावडं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि उजव्या गोलाकडे हनुवटी केली.

"बरं बाय, दिलाही असता. पन ह्यो तोंडाळ, ह्यो मागाला येनार हाय का कधी?"

"काल ह्याच टायमाला आलते," पुतळा म्हणाली. "तुमच्यासारखंच फावडं घेऊन. त्यांना त्यांचा अर्धा शिकवून धाडलं."

दाराबाहेर कोणीतरी चपला काढल्या. देवजी आत आला. आज खांद्यावर फावडं नव्हतं. जन्मभर मीठ ओढलेल्या त्याच्या हातांत साखरेचा पुडा होता.