भरपगारी सुट्टी

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही मास्तर म्हणायचो. लढाईतून जीव वाचवून इकडे येण्याआधी ते गावच्या शाळेत शिकवायचे. "मास्तर, घड्या इतक्या सरळ! चादरीला पट्टी लावता की काय?" म्हणून बायका त्यांना चिडवायच्या. चार वर्षांत त्यांचा एकही खाडा नव्हता. पण हल्ली घडी घालता घालता ते थकून भिंतीला टेकायचे. मी तिथली सुपरवायझर. वरच्या साहेबांशी भांडून मी त्यांच्यासाठी आठ दिवसांची भरपगारी सुट्टी मंजूर करून आणली.

"मास्तर, उद्यापासून सुट्टी!"

त्यांचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं, ताई?"

"काही चुकलं नाही. घरी मस्त लोळत पडा." स्वतःवरच खूश होऊन मी त्यांना दारापर्यंत अक्षरशः ढकलत नेलं.

चौथ्या दिवशी त्यांची बायको आली. मास्तर जेवत नव्हते, बोलत नव्हते, दिवसभर खिडकीत उभं राहून रस्त्यावरून जाणारी मुलं मोजत होते.

"अहो, मी तर त्यांच्या भल्यासाठीच सुट्टी दिली हो," मी म्हणाले.

"तुम्हाला कोण बोल लावतंय, ताई? त्यांनीही मुलांच्या भल्यासाठीच दिली होती. तोफांचे आवाज जवळ यायला लागले म्हणून त्या दिवशी तासभर आधी शाळा सोडली. बॉम्ब घरच्या वाटेवर पडला. शाळेची काचसुद्धा फुटली नाही."